वेरूळच्या लेण्यांना क्रमांक पडले तेव्हा

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे जुन्या औरंगाबादहून, कन्नडच्या रस्त्याला लागायचे, दौलताबादचा किल्ला आणि खुलताबादचा घाट मागे टाकायचा, की तीसेक किलोमीटरवर वेरूळ. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला गाईड पहिल्या दोन मिनिटांत हिशेब सांगून टाकतो: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. मुलांच्या सहलीच्या वहीत तेच उतरते, पर्यटनाच्या पुस्तिकेतही तेच. हा हिशेब इतका सरळ आहे, की लेणी खोदणाऱ्यांनीच डोंगर असा वाटून घेतला होता अशी सगळ्यांची समजूत होते. पण हे क्रमांक इंग्रजी अमदानीतले आहेत. जेम्स बर्जेस या पुरातत्त्वज्ञाने वेरूळची पाहणी केली, 1880 मध्ये जेम्स फर्ग्युसनबरोबर भारतातल्या लेण्यांवर मोठा ग्रंथ काढला आणि 1883 मध्ये वेरूळचा स्वतंत्र अहवाल छापला. लेणी हजार-बाराशे वर्षांहून जुनी, त्यांचे हे कप्पे जेमतेम दीडशे वर्षांचे.

कप्पे चुकीचे आहेत असे मला म्हणायचे नाही. विश्वकर्मा लेण्यातली मूर्ती बुद्धाची आहे आणि इंद्रसभा जैनांची आहे, हे बर्जेस आणि त्याच्या आधीच्या अभ्यासकांनी नीट ओळखले. माझे म्हणणे एवढेच, की धर्माच्या नावाने आखलेल्या या रेषांनी आपल्याला दगड वाचायला शिकवले आणि त्याच जोडीला आपल्या पूर्वजांविषयीची एक गोष्टही गळी उतरवली. ती गोष्ट आपण अजून तपासलेली नाही.

इंग्रज येण्याआधी वेरूळ कोणाला ठाऊकच नव्हते, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. अजिंठा 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने दिसला, ती कथा आपण वेरूळलाही चिकटवतो. वेरूळ कधीच हरवले नव्हते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा मुक्काम एलापुरात, म्हणजे वेरुळात होता, हे लीळाचरित्र सांगते. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त कैलासाची कथा आहे: राजा आजारी पडला, देवळाचा कळस पाहीपर्यंत अन्न घेणार नाही असे राणीने व्रत धरले, आणि पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने आठवड्यात कळस दाखवण्याची हमी दिली. आधी कळस दाखवायचा तर काम वरून खाली न्यायला हवे, आणि कैलास खरोखरच वरून खाली कोरलेले आहे. राजाचे खरे नाव लोक विसरले, पण कामाची रीत कथेत शाबूत राहिली. पुढे भोसल्यांचे घराणे याच गावचे, घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला आणि नंतर होळकरांनी. औरंगजेबाच्या काळातल्या फारसी इतिहासकारानेही या लेण्यांची तारीफ लिहून ठेवली आहे. घाटावर खुलताबादला सुफींचे दर्गे आणि खुद्द औरंगजेबाची कबर. इतक्या वर्दळीच्या जागी लेणी दडून राहणार कशी?

मग इंग्रजांनी नवे काय केले? पुणे दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट 1794 मध्ये वेरूळला आला. त्याच्यासाठी इथली चित्रे काढली होती गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने. मॅलेटने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये लेख लिहिला तेव्हा त्याच्या हाती स्थानिक माणसांनी सांगितलेल्याच हकिकती होत्या. एक मुसलमान जाणकाराची, एक ब्राह्मणाची. दोघांनीही इल राजाचे नाव घेतले, काळाचा हिशेब मात्र दोघांचा वेगळा. लेण्यांची नावेही गावातल्याच लोकांनी सांगितलेली: सुताराची झोपडी, दोन ताल, तीन ताल, रावण की खाई, रंगमहाल, धुमार लेणे, इंद्रसभा. यात धर्माचा कप्पा कुठेच नव्हता.

मॅलेटच्या ओळखीतल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलेल्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने 1803 मध्ये लंडनला 24 चित्रांचे भव्य पुस्तक काढले. त्याच्या नावातच ‘हिंदू’ शब्द होता, आणि आत विश्वकर्मा, तीन ताल, इंद्रसभा सगळेच होते. आज ज्यांना आपण बौद्ध आणि जैन लेणी म्हणतो तीही त्या वेळी लंडनच्या लेखी ‘हिंदू’च. पुस्तक निघाले त्याच वर्षी 23 सप्टेंबरला, वेरूळपासून फार दूर नसलेल्या असईच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. होळकरांकडचे वेरूळही 1818 च्या तहानंतर त्यांच्या हातून गेले आणि पुढे निजामाच्या मुलखात आले. निजाम गादीवर, रेसिडेंट हैदराबादेत, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिन्जंट पलटण औरंगाबादच्या छावणीत. मराठवाड्याच्या बहुतेक भागावर इंग्रजांचे थेट राज्य नव्हते, पण मोजमाप आणि नोंदी इंग्रजी पद्धतीच्याच झाल्या.

नंतरच्या चाळीस वर्षांत ‘हिंदू’ हा एक मोठा गठ्ठा फुटला. मुंबईत विल्यम अर्स्किनने 1813 पासून घारापुरीवर लिहिताना लेण्यांचे बौद्ध, ब्राह्मणी आणि जैन असे तीन प्रकार ओळखण्याच्या खुणा मांडल्या. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. 1843 मध्ये फर्ग्युसनने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत भारतातल्या कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. हे ज्ञान खरे होते आणि त्यात आपली माणसेही होती. अजिंठ्याचे शिलालेख भाऊ दाजी लाडांनी 1860 च्या दशकात वाचले. भगवानलाल इंद्रजींनी बर्जेसबरोबर लेण्यांतल्या लेखांचे पुस्तक केले. कैलास राष्ट्रकूट कृष्णराजाने घडवले, हे बडोद्याच्या ताम्रपटाच्या आधारे रा. गो. भांडारकरांनी 1883 मध्ये दाखवून दिले. हजार वर्षे कथेत राहिलेल्या राजाला त्याचे नाव मिळाले, ते या अभ्यासामुळे.

आता 10 क्रमांकाच्या लेण्यात जरा थांबू. हेच विश्वकर्मा, सुताराची झोपडी. आत स्तूप आहे आणि स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध. वर पाहिले तर छत गाडीच्या टपासारखे गोल, आणि त्याला ओळीने दगडी फासळ्या. या फासळ्यांवर कसलाही भार नाही, छत तोलायला त्यांची गरज नाही. लाकडी चैत्यगृहात छत तोलणाऱ्या वाकवलेल्या तुळया असत, त्यांची ही दगडातली हुबेहूब नक्कल आहे. सुतारांनी हे लेणे आपले मानले यात नवल नाही, कारण त्यांच्या नजरेला दगडात लाकूडकाम दिसले. बुद्धाचे दोन्ही हात छातीपाशी, बोटाला बोट लागलेले. अभ्यासक याला धर्मचक्रमुद्रा म्हणतात. सुतारांची कथा अशी, की काम करता करता विश्वकर्म्याच्या बोटाला हत्यार लागले आणि त्याने ते धरून ठेवले आहे. आपल्या देवालाही आपल्यासारखीच जखम होते, अशी ही श्रद्धा. सुतार इथे पूजेला येतात, हे बर्जेसच्या पिढीच्या अभ्यासकांनीच नोंदवले आहे.

कप्पा पडला तशी ही श्रद्धा ‘अज्ञान’ ठरली. वास्तूचे संरक्षण कायद्याने होऊ लागले आणि लेणे पाहण्याची वस्तू झाले. वास्तू वाचली, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण सुतारांची कथा फलकावर एका ओळीपुरतीही का नसावी?

फर्ग्युसनच्या मांडणीतला खरा काटा पुढे आहे. भारतीय कला उंचावरून सुरू झाली आणि घसरत गेली असे त्याचे मत होते: आधी बौद्धांची शुद्ध कला, मग ब्राह्मणी धर्माची गर्दी आणि ऱ्हास. वेरूळच्या क्रमांकांनी या मताला आयता नकाशा दिला. दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जावे आणि एक धर्म दुसऱ्याला हटवतो तो इतिहास डोळ्यांनी पाहावा! एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षित हिंदूने हीच गोष्ट इंग्रजी पुस्तकांत वाचली. कोणाला तिच्यात आपला ऱ्हास दिसला, कोणाला आपला विजय. गोष्ट खरी आहे का, हे विचारण्याची सोय दोघांनाही राहिली नाही.

नंतरच्या संशोधनाने ही गोष्ट जवळजवळ उलटी केली. वॉल्टर स्पिंक आणि गेरी मालांद्रा यांच्या अभ्यासातून दिसते, की वेरूळची सर्वांत जुनी मोठी लेणी बौद्ध नव्हेत. शैवांचे 29 क्रमांकाचे धुमार लेणे आणि 21 क्रमांकाचे रामेश्वर ही सहाव्या शतकाकडची. रामेश्वरासमोर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत. बौद्ध लेण्यांचे बहुतेक काम त्यानंतरचे, साधारण सातव्या शतकापासूनचे. म्हणजे शंकराचे देऊळ आधी होते आणि त्याच डोंगरात भिक्खूंनी विहार खोदले. पुढे दोन ताल या 11 क्रमांकाच्या लेण्यात दुर्गा आणि गणपती आले. हेच ते लेणे, ज्याचा तळमजला गाळात बुजला होता आणि 1876 मध्ये मोकळा झाला. मजले तीन निघाले तरी नाव दोन तालच राहिले. वेरूळला भांडण मुळीच नसेल असे मी म्हणणार नाही. पण डोंगर सांगतो ती गोष्ट शेजाराची आहे, आणि हकालपट्टीची गोष्ट क्रमांकांनी सुचवलेली आहे.

हीच पद्धत लेण्यांतून माणसांवर आली. हैदराबाद संस्थानात 1881 पासून जनगणना सुरू झाली आणि प्रत्येक घरापुढे धर्माचा रकाना उभा राहिला. प्रजेत पाचांत चारांहून अधिक हिंदू, गादी निजामाची आणि कारभार उर्दूत. आकडे हाती आल्यावर त्यांचे राजकारण होणारच होते. 1927 मध्ये मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीन ही मुसलमानांची संघटना निघाली. 1938-39 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस, आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे सत्याग्रह एकाच वेळी चालले. नागरी हक्कांचा प्रश्न खरा होता, जाचही खरा होता. पण ‘हिंदू म्हणून’ लढायचे की ‘प्रजा म्हणून’, हा वाद स्टेट काँग्रेसला आतून सतावत राहिला, आणि त्याचे पडसाद छत्रपती संभाजीनगरात अजून ऐकू येतात.

त्या रकान्यात ज्यांना हिंदू म्हणून मोजले जाई आणि गावात मात्र पाणवठ्यावर उभे करत नसत, त्यांचे काय? वेरूळच्या 5 क्रमांकाच्या लेण्याला महारवाडा म्हणतात, कारण पावसाळ्यात महार मंडळी तिथे आसरा घेत. आत लांबलचक सभागृह आणि मधोमध दगडी बाकांच्या दोन ओळी.

1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांबरोबर याच रस्त्याने आले. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, असे त्यांनी आधीच ठरवले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी मंडळींनी टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले आणि एक म्हातारा मुसलमान टाके बाटवले म्हणून ओरडत आला. जमाव जमला. अखेर किल्ला पाहायला मिळाला, पण पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर शिपाई देऊन. हिंदूंनी अस्पृश्य ठरवलेला माणूस मुसलमानालाही अस्पृश्यच वाटतो, हे बाबासाहेबांनी या प्रसंगावरून लिहून ठेवले. पुढे 30 डिसेंबर 1938 रोजी, त्याच रस्त्यावर कन्नडजवळ मक्रणपूरला दलित परिषदेसाठी ते आले. 1950 मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे ते नाव, आणि परिसर नागसेनवन. समोरच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी.

इंग्रज अभ्यासकांनी ‘बौद्ध’ हा कप्पा केला तो जुन्या, संपलेल्या धर्माचा म्हणून. बाबासाहेबांनी तो उचलला आणि जिवंत माणसांसाठी उघडला. साहेबाच्या ज्ञानाचे सर्वांत मोठे सोने कोणी केले असेल तर ते त्यांनी, असे मला मनापासून वाटते.

निजाम सरकारने 1914 मध्ये पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यझदानींनी लेण्यांची निगा राखली. संस्थान विलीन झाल्यावर जबाबदारी केंद्राकडे आली, 1983 मध्ये वेरूळ जागतिक वारसा झाले. क्रमांक तेच राहिले आणि ते बदलायची गरजही नाही. मात्र वेरूळला गेलात तर गाईडला सांगून एकदा काळाच्या क्रमाने फिरा. आधी उत्तरेला वेळगंगेच्या धबधब्यापाशी 29, मग 21 चे रामेश्वर. तिथून थेट दक्षिणेला 5 चा महारवाडा, मग 10 मध्ये सुतारांचा विश्वकर्मा आणि 11-12 चे ताल. नंतर 15 मध्ये दंतिदुर्गाचा शिलालेख, 16 चे कैलास आणि शेवटी 32 ची इंद्रसभा. चालणे दुप्पट होते, म्हणून सकाळी लवकर जा. मंगळवारी लेणी बंद असतात.