षष्ठीची भरती आणि पहाटेचा मतलई

शाहूपुरीत राहणाऱ्या माणसाने गलबतांवर लिहावे, याचे नवल वाटणे साहजिक आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली ही व्यापारी पेठ वसवली ती रेल्वेच्या भरवशावर. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्येच सुरू झाला होता. पण त्याआधी कोल्हापूरच्या मालाला समुद्राची वाट होती. घाट उतरून तो खारेपाटण-राजापूरकडे जाई आणि तिथून खाडीमार्गे गलबतांत चढे. ही बंदरे फार जुनी. शिलाहार रट्टराजाच्या शके ९३०च्या (इ. स. १००८) खारेपाटण ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या तारवामागे एक गद्याण सोने आणि किनाऱ्याने येणाऱ्या तारवामागे एक धरण सोने, अशी वेगवेगळी आकारणी आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने चालणारी तारवे हजार वर्षांपूर्वीही वेगळी मोजली जात होती.

या तारवांचा एक दिवस कसा जात असेल? माझ्या मते तो दोन घड्याळांवर चाले. एक सूर्याचे, ते वाऱ्याचे. दुसरे चंद्राचे, ते पाण्याचे.

आधी वारा. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी दोन्ही बाबतींत सावकाश. रात्री जमीन समुद्रापेक्षा थंड झाली की हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते, तो मतलई वारा. दिवसा उलट होते आणि खारा वारा आत येतो. नारळी पौर्णिमेला दर्या शांत करून शिडे उभारली जात. पुढे पावसाळी वारे पुरते ओसरले, की हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर हा क्रम बराच नियमित चालतो. पहाटेचा वारा पूर्वेकडून, दुपारचा वायव्येकडून.

आता विजयदुर्गाहून उत्तरेला, मुंबईच्या दिशेने निघालेले गलबत डोळ्यांसमोर आणू. शिडाचे कोणतेही जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. त्याला वाऱ्याशी बराच कोन ठेवावा लागतो. पहाटे मतलई उजव्या कुशीवर येतो. तो शिडाला सोयीचा, म्हणून नाखवा तेवढ्या वेळात उत्तरेकडे सरकतो आणि मुद्दामच किनाऱ्यापासून दूर, समुद्रात जातो. उन्हे चढली की मतलई पडतो. मधला तास-दोन तास शिडे लोंबकळत राहतात, जहाज जागीच डुलते. मग वायव्येचा वारा भरतो. उत्तरेला जायचे असताना वायव्येचा वारा म्हणजे जवळजवळ तोंडावरचाच. उत्तरेला सरळ नाळ धरता येत नाही. पण जहाज आधीच बाहेर असल्याने ईशान्येकडे तिरके, किनाऱ्याच्या रोखाने येता येते. सकाळी समुद्रात कमावलेले अंतर दुपारी खर्चायचे, असा हा व्यवहार. संध्याकाळी पूर्णगडाची खाडी गाठून नांगर टाकायचा. सकाळी किनारा न सोडणारा नाखवा दुपारी खडकांकडे ढकलला जाई, किंवा पुन्हा बाहेर वळून वेळ दवडी. दक्षिणेला जाणाऱ्याला मात्र हाच दुपारचा वारा पाठीशी. म्हणून एकाच मार्गावर जायचे दिवस वेगळे आणि यायचे वेगळे.

एवढ्याने भागत नाही, कारण खाडीतून बाहेर पडायचे आणि खाडीतच शिरायचे आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. भरलेले गलबत त्यावरून पाणी चढल्याशिवाय जात नाही. इथे कोकणात सर्वांना ठाऊक असलेला हिशेब येतो. तिथीची पाऊणपट करावी, ती पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला पाणी पुरते चढलेले आणि दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास. चढल्या पाण्यावर दांडा ओलांडायचा, ओहोटी आणि मतलई दोन्ही सोबतीला घ्यायचे आणि संध्याकाळी पुन्हा भरल्या पाण्यावर आत शिरायचे. याहून चांगला दिवस नाही. द्वादशीला मात्र भरती नऊ वाजता. पहाटे वारा बाहेर ढकलतो, पाणी आत ओढते आणि मुखाशी लाटा उभ्या राहतात. अशा वेळी वल्ही मारायची किंवा नांगर न उचलता थांबायचे.

हा पाऊणपटीचा नियम मी ताडून पाहिला. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. नियम ४५ धरतो. म्हणूनच पौर्णिमेला सव्वाअकरा सांगणारा हा हिशेब लगेच प्रतिपदेला पाऊण सांगतो आणि सांध्यावर उडी घेतो. तरीही तो टिकला, कारण घड्याळ आणि कागद नसताना, अंधारात, तोंडी करता येईल असा तो आहे. ज्याच्यावर माल आणि खलाशांचा जीव सोपवलेला असे, त्याला तीन मिनिटांच्या अचूकतेपेक्षा न विसरणारा आकडा मोलाचा होता.

रेल्वे आणि मोटाररस्ते आल्यावर घाटमाथ्याचा हा व्यवहार आटला. कोल्हापूरचा गूळ आज ट्रकमध्ये चढतो; तिथी कोणती, हे कोणी विचारत नाही. किनाऱ्यावर शिडांची जागा इंजिनांनी घेतली आणि वाऱ्याचे घड्याळ मागे पडले. पण इंजिन वाऱ्यावर मात करते, खोलीवर नाही. गाळाने उथळ झालेल्या खाडीत शिरताना मासेमारी नौकेच्या तांडेलाला आजही भरती बघावी लागते. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी वाचून तिची पाऊणपट करणारे लोक कोकणात अजून आहेत.