विमान उतरते, शरीर चढते

आपले हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. लडाखमधील लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच्या जवळजवळ दुप्पट. दिल्लीहून विमानात बसले की सव्वा-दीड तासात माणूस तेथे पोचतो.

काही वर्षांपूर्वी मी सहकाऱ्यांबरोबर लेहला गेलो होतो. सकाळी उतरलो, प्रकृती ठणठणीत वाटली, म्हणून दुपारीच एका टेकडीच्या पायऱ्या चढलो. रात्री डोके ठणकू लागले, जेवण जाईना, झोपही लागेना. वर्गात दरवर्षी हवेचा दाब शिकवणारा मी, पण स्वतःच्या प्रवासाचा बेत आखताना तो धडा विसरलो होतो! तो धडा आज आपण नीट समजून घेऊ.

लेहच्या हवेत प्राणवायू कमी असतो, असे पुष्कळजण म्हणतात. पण तेथेही हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ इतकेच असते. मग कमी काय होते? कमी होतो तो हवेचा दाब. आपण हवेच्या सागराच्या तळाशी राहतो. जितके वर जावे तितकी डोक्यावरील हवा कमी होते आणि उरलेली हवा विरळ होत जाते. वायुभारमापकातील पारा हिंगोलीत साधारण ७२० मिलिमीटर उंच राहील, तर लेहला सुमारे ५१० मिलिमीटर. यात प्राणवायूचा वाटा हिंगोलीत १५१ आणि लेहला १०७ मिलिमीटर येतो. म्हणजे येथे एका श्वासात दहा भाग प्राणवायू मिळत असेल, तर तेथे सातच भाग मिळतो.

आता विमानातील गंमत पाहा. विमान १० किलोमीटर उंचीवर असते तेव्हा बाहेरचा दाब जेमतेम २०० मिलिमीटर असतो. तेवढ्या दाबात माणूस शुद्धीवर राहणार नाही, म्हणून यंत्राने आत हवा भरून दाब वाढवलेला असतो. तो साधारणतः २,४०० मीटर उंचीवरील दाबापेक्षा, म्हणजे सुमारे ५६५ मिलिमीटरपेक्षा, कमी होऊ देत नाहीत. मुंबईला उतरताना हा दाब वाढवत ७६० पर्यंत आणतात. पण लेहला दार उघडण्यापूर्वी तो कमी करत ५१० पर्यंत आणावा लागतो! विमान खाली येत असते आणि आतील प्रवासी मात्र हवेच्या दाबाच्या हिशेबाने वर चढत असतात.

शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, पण त्याला वेळ लागतो. प्रथम श्वास आणि नाडी जलद होतात. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायॉक्साइड कमी होतो. तो तोल सावरण्याचे काम मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत करू लागतात. रक्तातील तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे लागतात. श्रीनगरहून (सुमारे १,६०० मीटर) कारगिलला (सुमारे २,७०० मीटर) मुक्काम करत मोटारीने लेह गाठणाऱ्याला यातला थोडा वेळ वाटेतच मिळतो. विमानाने येणाऱ्याने तो लेहला पोचल्यावर द्यायचा असतो. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी.

पुढचा बेत आखताना नकाशावरील अंतरापेक्षा मुक्कामाची उंची पाहावी. डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा, की ३,००० मीटरच्या वर रोज ५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर झोपायला जाऊ नये. पँगाँग सरोवर सुमारे ४,२५० मीटर उंचीवर आहे. लेहहून मोटारीने तेथे एका दिवसात पोचता येते, पण मुक्काम एकदम हजार मीटर चढतो. नुब्रा खोऱ्यातील दिस्कित सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा थोडे खालीच आहे. वाटेत ५,३५९ मीटर उंचीची खारदुंग ला खिंड लागते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणून खिंडीत थोडा वेळच थांबावे. तेव्हा आधी लेह, मग नुब्रा आणि शेवटी पँगाँग हा क्रम बरा. आमच्या बेतात दुसऱ्याच दिवशी पँगाँग होते. काहीजण हिरमुसले, पण आम्ही तो बेत बदलला.

डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, पाय लटपटू लागले किंवा बोलण्यात भ्रम दिसला तर जिवाला धोका असतो. अशा वेळी प्राणवायू देणे आणि तातडीने खाली उतरवणे हेच खरे उपाय. परंतु लेहहून मोटारीने खाली यायचे तर आधी वर चढावे लागते! श्रीनगरच्या वाटेवर फोतू ला खिंड ४,१०८ मीटर उंच आहे आणि मनालीच्या वाटेवरील खिंडी त्याहून उंच. म्हणून दुखणे लपवू नये, लगेच दवाखाना गाठावा. लेहच्या मोठ्या रुग्णालयाला सोनम नोर्बू यांचे नाव आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी लेहला पहिले विमान उतरवले, ती धावपट्टी याच अभियंत्याने तयार करून घेतली होती.

शेवटी एक प्रयोग. लेहहून परतताना प्लॅस्टिकची रिकामी बाटली तेथेच घट्ट बूच लावून बंद करा आणि दिल्लीला उतरल्यावर पाहा. ती चेपलेली दिसेल. दिल्लीचा दाब ७४० मिलिमीटर आणि तापमान दोन्हीकडे सारखे धरून, एक लिटर हवेचे किती झाले ते बॉइलच्या नियमाने काढा. उत्तर मिळाले, की पहिल्या रात्री माझे डोके का ठणकले तेही तुमच्या ध्यानात येईल.