बेळगावचे ते भाषण

१ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केले. त्याबद्दल आणि नगरच्या दोन भाषणांबद्दल सरकारने त्यांच्याकडे सद्वर्तनाचा २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला. त्याच नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये न उचलता सबंध भाषण पाहावे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

हे आठवण्याचे कारण दोन विधेयके. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे. पण कायदा न पाळण्यास उत्तेजन देणे हेही त्यात बेकायदा कृत्य ठरते. मग सत्याग्रहाचे काय? डिसेंबर २०२५ मध्ये कर्नाटकाने बेळगावच्याच सुवर्णसौधात द्वेषपूर्ण भाषणाविरुद्धचे विधेयक संमत केले. शिक्षा ७ वर्षांपर्यंत. द्वेष पसरवणाऱ्याला शासन हवेच. पण वैमनस्याचे माप कोणाच्या हाती? दुकानाच्या पाटीवरचा वादही त्यात बसवता येईल.

खरे सांगतो, पहिल्या विधेयकावर मी संतापलो. दुसऱ्याच्या वेळी मनात आले, बरे झाले, 'त्यांची' तोंडे बंद होतील. माझी पत्नी धारवाडची. ती शांतपणे म्हणाली, "अन् उद्या तुमच्यावरच लावला तर?"

मी निरुत्तर झालो. कायदा बोलणाऱ्याची मातृभाषा विचारत नाही. म्हणून आम्ही दोघांनी ठरवले आहे, विरोध करायचा तो दोन्ही विधेयकांना आणि दोन्ही भाषांतून.