सगळाच खोकला क्षयाचा नसतो

आष्टी (जि. जालना) : खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिला, की थुंकी तपासून घ्यावी, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या बाजाराच्या गावी भिंतीवरच्या फलकांपासून आशा कार्यकर्त्यांपर्यंत सारे हेच सांगतात आणि ते योग्यच आहे. आपल्या देशात दीर्घकाळच्या खोकल्यामागे क्षयरोग असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावीच लागते. प्रश्न निर्माण होतो तो त्यानंतर. थुंकीत जंतू सापडत नाहीत, छातीच्या क्ष-किरण छायाचित्रात मात्र डाग दिसतात, रुग्णाचे वजन उतरते आणि दोन पायऱ्या चढताच धाप लागते. अशा वेळी क्षय गृहीत धरून औषधे सुरू होतात. सहा महिने सरतात, धाप मात्र तशीच राहते.

अशा रुग्णांपैकी काहींना क्षय नसतोच. त्यांना छातीचा एखादा असा विकार असतो, ज्याचे नाव त्यांनी कधी ऐकलेले नसते. हे विकार विरळ मानले जातात. मात्र त्यांतील बरेचसे वेळीच ओळखले गेले, तर आटोक्यात येतात आणि काही पूर्ण बरेही होतात. ओळखण्याची गुरुकिल्ली महागड्या यंत्रात नसून एका साध्या प्रश्नात आहे.

तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत आणखी एकाची भर घालावी, असा त्यांचा आग्रह होता: तुम्ही काम काय करता? धान्य चाळणाऱ्या आणि मोजणाऱ्या माणसांना धुळीमुळे जडणारा खोकला व धाप यांची नोंद त्यांनी तेव्हाच केली होती. छातीच्या विकारांचे तज्ज्ञ आज हाच प्रश्न थोडा वाढवून विचारतात. काम काय करता, घरात काय आहे, अंगणात कोणती जनावरे आहेत, छपरावर कोणते पक्षी बसतात?

फुफ्फुस हा शरीराच्या आत असूनही बाहेरच्या हवेशी अखंड संबंध असलेला अवयव आहे. आपण दिवसभरात हजारो लिटर हवा आत घेतो. त्या हवेत जे जे असते, त्याची नोंद फुफ्फुस ठेवत असते.

कूलरमधील बुरशी

मराठवाड्याचा उन्हाळा कूलरविना काढणे अवघड. पत्र्याच्या पेटीला तिन्ही बाजूंनी गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी आणि मध्ये पंखा, ही रचना घरोघरी दिसते. टाकीतील पाणी आठवडेच्या आठवडे बदलले जात नाही आणि मागील वर्षीचे गवत या वर्षीही चालवले जाते. त्या ओलसर गवतावर बुरशी धरते आणि पंखा तिचे सूक्ष्म बीजाणू रात्रभर झोपलेल्या माणसाच्या श्वासात सोडत राहतो.

बहुतेकांना याचा त्रास होत नाही. काहींची प्रतिकारशक्ती मात्र या बीजाणूंवर तुटून पडते. हा जंतुसंसर्ग नव्हे. शरीराच्याच संरक्षक पेशी फुफ्फुसातील वायुकोशांभोवती गोळा होतात, तेथे सूज येते आणि बारीक गाठी तयार होतात. या विकाराला ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’, म्हणजे अतिसंवेदनशीलतेमुळे होणारा फुफ्फुसदाह म्हणतात. तीव्र स्वरूपात बीजाणू श्वासात गेल्यानंतर काही तासांतच ताप, खोकला व धाप सुरू होते. जुनाट स्वरूपात ताप नसतो. धाप तेवढी महिन्यामहिन्याने वाढत जाते आणि फुफ्फुसात कायमचे व्रण पडतात.

हा आजार भारतात किती आहे, याचा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नोंदणीतून आला. १९ शहरांतील २७ केंद्रांमध्ये फुफ्फुसाच्या अंतर्गत ऊतींच्या विकारांचे १,०८४ रुग्ण नोंदवले गेले. त्यांत सर्वाधिक, म्हणजे ४७ टक्क्यांहून अधिक रुग्ण याच आजाराचे होते आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी आलेला होता. पुस्तकात विरळ म्हणून नोंदलेला आजार घरातल्या खिडकीतच बसलेला असू शकतो, असा याचा अर्थ.

हीच प्रतिक्रिया अन्य कारणांनीही होते. भिजलेला कडबा किंवा भुसकट न वाळवता रचले, की आत ऊब धरते आणि बुरशी वाढते. पुढे ती गंजी फोडणाऱ्याच्या छातीत हा बुरा जातो. ‘शेतकऱ्याचे फुफ्फुस’ या नावाने या प्रकाराचे वर्णन इंग्लंडमध्ये १९३२ साली झाले. उसाच्या कुजक्या चिपाडांमुळे होणारा प्रकार ‘बगॅसोसिस’ म्हणून ओळखला जातो. अंबड व घनसावंगीच्या साखरपट्ट्याला तो परका मानता येणार नाही. शहरात कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ हेच काम करते. मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ साली वाद पेटला आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादाच्या मुळाशी श्रद्धा आणि आरोग्य यांचा संघर्ष होता आणि त्यातील आरोग्याचा मुद्दा म्हणजे मुख्यतः हाच आजार.

सोमवारची धाप

कापूस हे जालना जिल्ह्याचे पीक. कापसाच्या धुळीने होणारा ‘बिसिनोसिस’ हा विकार जिनिंगपेक्षा सूतगिरणीत, त्यातही पिंजण विभागात अधिक आढळतो. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा पुढे सरकेल तसा त्रास कमी होत जातो. क्ष-किरण छायाचित्र बहुधा स्वच्छ असते. त्यामुळे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून कामगार परत जातो. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या, त्या काळात केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांमधील या विकाराचा सविस्तर अभ्यास केला होता. येथेही निदान होते ते वेळापत्रकावरून. त्रास कोणत्या दिवशी सुरू होतो, हे विचारल्याखेरीज आजार सापडत नाही.

क्षयाची हुबेहूब नक्कल

आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरम् क्षयरुग्णालयात डॉ. फ्रिमोट-मोलर आणि डॉ. बार्टन यांना काही रुग्ण निराळे वाटले. खोकला, बारीक ताप, घटलेले वजन आणि छायाचित्रातील ठिपके, सारे क्षयासारखेच होते. क्षयाचे जंतू मात्र नव्हते आणि रक्तातील ‘इओसिनोफिल’ या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. त्यांनी १९४० साली या ‘क्षयसदृश’ विकाराची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिले.

मूळ कारण नंतर स्पष्ट झाले. डासांमार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिल्ले फुफ्फुसात अडकतात आणि शरीर त्यांच्यावर प्रचंड प्रतिक्रिया देते. रुग्णाचा पाय सुजलेला नसतो, रक्तातही कृमी दिसत नाहीत. खोकला व घरघर मात्र रात्री उसळते, म्हणून कधी क्षय तर कधी दमा समजून उपचार होतात. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० पेक्षा कमी असतात. या विकारात त्या ३,००० च्या वर जातात. म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीतून संशय येऊ शकतो. डायइथिलकार्बामाझिन या जुन्या, स्वस्त औषधाचा सुमारे तीन आठवड्यांचा उपचार बहुतेकांना पुरतो. दुर्लक्ष झाल्यास मात्र याही रोगात फुफ्फुस कडक होत जाते. पूर्व विदर्भ आणि नांदेड हे हत्तीरोगाचे पट्टे आहेत. तेथे राहून किंवा मजुरी करून आलेल्याने ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

सुईने फोडू नये अशी गाठ

मेंढ्या आणि कुत्री यांच्या सहवासातून होणारा ‘हायडॅटिड’ हा आणखी एक विकार. कुत्र्याच्या आतड्यातील बारीक फीतकृमीची अंडी विष्ठेवाटे माती, पाणी आणि भाजीपाल्यावर येतात व माणसाच्या पोटात जातात. तेथून यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेली गोल गाठ तयार होते. ती वर्षानुवर्षे गुपचूप वाढते. एखाद्याला अचानक खारट पाण्यासारखा पदार्थ आणि द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे खोकल्यावाटे पडतात, तेव्हाच ती फुटल्याचे कळते. छायाचित्रात ही गाठ कर्करोगासारखी भासू शकते. पण तपासणीसाठी तिच्यात सुई खुपसणे धोक्याचे असते. आतील द्रव सांडल्यास तीव्र अॅलर्जीने जीवावर बेतू शकते आणि नव्या गाठीही रुजतात. उपचार बहुधा शस्त्रक्रियेचा व सोबत अल्बेंडाझोलचा असतो. ‘आमच्याकडे मेंढ्या आहेत, राखणीला कुत्री आहेत’ हे एक वाक्य येथे फार मोलाचे ठरते.

रुग्णाने काय करावे?

पहिली गोष्ट, थुंकीची तपासणी टाळू नये. सरकारी केंद्रात ती मोफत होते. जनुकीय चाचणीने काही तासांत क्षयाचे जंतू आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला असलेला त्यांचा प्रतिकार, दोन्ही कळतात. क्षयाची औषधे सुरू असतील, तर हा लेख वाचून ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. उलट, दोन महिन्यांत काहीच फरक नसेल तर ‘दुसरे काही असू शकते का?’ असे डॉक्टरांना विचारावे. तो रुग्णाचा हक्क आहे. धाप थांबते म्हणून दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या घेणे तर घातकच. लपलेला क्षय आणि पोटातील काही कृमी त्याने भडकतात.

दुसरी गोष्ट, मोठ्या रुग्णालयात जाताना एक कागद सोबत न्यावा. आष्टीहून जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत जाण्यात मजुरीचा दिवस बुडतो आणि गर्दीत डॉक्टरांपुढे मोजकी मिनिटे मिळतात. आजवर केलेली कामे, घरातील कूलर, जनावरे, पक्षी, चाऱ्याची साठवण, त्रास वाढण्याची वेळ आणि परगावी गेल्यावर तो कमी होतो का, हे सारे त्यावर लिहावे. घराबाहेर बरे वाटते आणि परतताच त्रास होतो, ही नोंद कित्येकदा निदानाची दिशा बदलते. जुनी छायाचित्रेही टाकून देऊ नयेत. डाग नवा की जुना, हे त्यांच्यावरूनच ठरते.

तिसरी गोष्ट, प्रतिबंध. कूलरचे गवत दर हंगामात बदलावे, टाकी वरचेवर रिकामी करून घासावी व वाळवावी. चारा पुरता वाळवूनच रचावा. बुरसटलेली गंजी फोडताना वाऱ्याकडे पाठ ठेवावी. तोंडाला बांधलेले उपरणे हे बारीक बीजाणू अडवत नाही, त्यासाठी एन-९५ मुखपट्टी लागते. जनावर कापल्यावर आतडी-काळजे कुत्र्यांपुढे टाकू नयेत.

फुफ्फुसात एकदा व्रण पडले, की ते भरून येत नाहीत. आजची औषधे त्यांची वाढ मंदावतात, गेलेला श्वास परत आणून देत नाहीत. म्हणूनच चुकीच्या उपचारात गेलेल्या सहा महिन्यांची किंमत मोठी असते. डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ हे विचारायला हवे. त्यांनी विचारले नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे.