आंबागडची टेंभुर्णी आणि टीवरचा पहिला फटका

मे महिन्यात तुमसरहून आंबागडच्या वाटेला लागलं की सकाळी नऊच्या सुमाराला गावोगावच्या ओसऱ्या हिरव्या दिसतात. पहाटे अंधारात जंगलात गेलेली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन परतलेली असतात. घरातली लहानथोर सगळी पानं जुळवत बसतात, 70 पानांचा एक पुडा बांधतात आणि ऊन चढायच्या आत पुडे फळीवर, म्हणजे पानं जमा करण्याच्या जागी, पोचवतात. विड्या वळायला जातो तो हा तेंदूपत्ता. झाडाला पुस्तकात टेंभुर्णी म्हणतात, आमच्या झाडीपट्टीत टेंभरून. त्याची पिवळी, चिकट गोडीची टेंभरं लहानपणी आजोळी पोटभर खाल्ली आहेत.

गोल्फच्या ड्रायव्हरवर लिहायला बसलो आणि सुरुवात तेंदूपत्त्याने केली, कारण या दोन गोष्टींचं नातं रक्ताचं आहे. टेंभुर्णीचं शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. विसाव्या शतकाचा बराचसा काळ जगातले उत्तमोत्तम ड्रायव्हर ज्या लाकडातून कोरले गेले, त्या अमेरिकन पर्सिमनचं नाव डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना. कुळ एकच, वंशही एकच, प्रजाती तेवढ्या वेगळ्या. अलीकडे शहरातल्या फळांच्या गाड्यांवर टोमॅटोसारखं दिसणारं केशरी ‘जपानी फळ’ मिळतं, तेही याच घरातलं. पुण्यात नोकरी करताना जुन्या सामानाच्या बाजारात पर्सिमनचा एक ड्रायव्हर हाती लागला. त्याच्या लाकडाचं नाव शोधताना टेंभुर्णी समोर आली, आणि त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. याला आता वीस वर्षं होत आली.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोल्फमध्ये प्रत्येक होलची सुरुवात टीवरून होते. जमिनीत खोचलेल्या बोटभर खुंटीवर चेंडू ठेवायचा आणि लांबच्या होलवर तो सगळ्यात लांब दांड्याच्या काठीने, म्हणजे ड्रायव्हरने, दूर मारायचा. समोर कापलेल्या गवताचा पट्टा असतो तो फेअरवे, दोन्ही बाजूंना वाढलेलं गवत आणि झाडी. पहिला फटका झाडीत गेला की पुढचा फटका बाहेर येण्यातच जातो. भारतात हा खेळ 1829 साली कलकत्त्यात रुजला, पुण्यात येरवड्याचा पूना गोल्फ क्लब 1886चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी 1927चा. नाशिककर ज्याला अजून गोल्फ क्लब मैदान म्हणतात तिथे आता क्रिकेट चालतं आणि मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे. इतिहास एवढा पुरे.

कारण मला सांगायचं आहे ते लाकडाबद्दल.

माझ्याकडचा तो जुना ड्रायव्हर आत्ता टेबलावर आहे. डोकं मुठीत मावेल एवढं, गर्द तपकिरी, वर वॉर्निशचा जाड थर. तळाला पितळेची पट्टी, ती पाच स्क्रूंनी बसवलेली. समोरच्या चेहऱ्यात, म्हणजे फेसमध्ये, लाल रंगाचा कडक तुकडा जडवलेला आहे, चेंडूचा मार लाकडाने थेट खाऊ नये म्हणून. मानेवर काळा मेणाचा दोरा आवळून गुंडाळलेला, विळ्याच्या मुठीला गुंडाळतात तसा. एका कडेचं वॉर्निश उडालं आहे, तिथे खालचं लाकूड फिकट साईच्या रंगाचं दिसतं. हे पाहून मी आधी चक्रावलो होतो. टेंभुर्णीच्या पोटात काळं कुळकुळीत लाकूड असतं, ज्याला आपण आबनूस म्हणतो त्याच्याच घराण्यातलं, मग हे पांढुरकं कसं? उत्तर असं की अमेरिकन पर्सिमनमध्ये काळा गाभा फार उशिरा आणि फार थोडा तयार होतो. ड्रायव्हर कोरले जात ते भोवतीच्या फिकट लाकडातून, गडद रंग नंतर चढवला जाई.

हेच लाकूड का, याचं उत्तर अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत सापडतं. मागावर उभ्या ताण्यातून आडवा दोरा घेऊन सटासट धावणारा धोटा तिकडे पर्सिमनचा करत. धोट्याला लाकूड असं लागतं की ते घासून घासून गुळगुळीत होत जावं, त्याची कुसळं निघू नयेत आणि दर खेपेला बसणारा दणका त्याने सहन करावा. आमच्या मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला मागावर बसलेल्या कोष्ट्यांना हे वेगळं सांगायला नको. धोट्याला जे गुण लागतात तेच ड्रायव्हरला लागतात. फायबर दाट, वीण बारीक आणि दणका पचवायची ताकद.

पण लाकडाला एक बंधन होतं आणि तिथेच सगळी गोष्ट दडली आहे. कागदावर हिशोब मांडू. ड्रायव्हरचं डोकं साधारण 200 ग्रॅमचं असावं लागतं, त्याहून फार जड झालं तर माणसाला ते वेगाने फिरवता येत नाही. पर्सिमनचं एक घन सेंटिमीटर सुमारे 0.8 ग्रॅम भरतं. जुनं डोकं 180 घन सेंटिमीटरचं धरलं तर लाकूड झालं 144 ग्रॅम. उरलेल्या 56 ग्रॅमांत पितळी पट्टी, स्क्रू आणि पट्टीखाली भोक पाडून ओतलेलं शिसं. आता आजच्या नियमाप्रमाणे चालतं तेवढं मोठं, 460 घन सेंटिमीटरचं डोकं भरीव पर्सिमनचं केलं तर नुसतं लाकूडच 368 ग्रॅम होईल. ते कुणाला फिरवता येणार? म्हणून लाकडी डोकं लहानच राहिलं आणि डोकं लहान म्हणून चेंडू नेमका मधोमध घेणं भाग पडलं.

टायटॅनियमने हे बंधन तोडलं. ड्रायव्हरला वापरतात तो मिश्रधातू घन सेंटिमीटरला सुमारे 4.4 ग्रॅम भरतो, म्हणजे 200 ग्रॅमांत जेमतेम 45 घन सेंटिमीटर धातू. तो इतका मजबूत की पातळ पत्रा करून फुग्यासारखा 460 घन सेंटिमीटरपर्यंत पसरवता येतो, आत सगळी पोकळी. वजन कडेला गेलं की डोकं चटकन पिळवटत नाही, चेंडू मध्यापासून बोटभर बाजूला बसला तरी बरा जातो. हा बदल एका दिवसात झाला नाही. 1979 साली गॅरी ॲडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर आणला, त्याचंही नाव ठेवलं ‘पिट्सबर्ग पर्सिमन’, इतकी त्या लाकडाची पत. 1991 साली कॅलवेची ‘बिग बर्था’ आली, 1995 साली तिची टायटॅनियमची मोठी बहीण. 1993ची मास्टर्स स्पर्धा बर्नहार्ड लँगर यांनी पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकली आणि तेव्हापासून पुरुषांची कोणतीही मेजर, म्हणजे सर्वोच्च मानाची, स्पर्धा लाकडी ड्रायव्हरने जिंकली गेलेली नाही.

लाकडाने मात्र एक शहाणपण मागे ठेवलं आहे. जुन्या ड्रायव्हरचा फेस डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून पाहा, तो सपाट नसतो. खापराच्या पाठीसारखा किंचित फुगीर असतो. कारागिरांनी हे अनुभवाने साधलं होतं. उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू टोकाकडे घेतला तर डोकं मागे पिळतं आणि चेंडूला उलटा, म्हणजे डावीकडे वळवणारा फेर मिळतो, दातेरी चक्राला दुसरं चक्र अडकून फिरावं तसा. फेस फुगीर असल्यामुळे तोच चेंडू निघतो मात्र थोडा उजवीकडे. उजवीकडे निघतो, डावीकडे वळतो आणि मैदानात परत येतो. आजच्या महागड्यातल्या महागड्या टायटॅनियमच्या फेसलाही ही फुगवट असते. मला हा गोल्फमधला सगळ्यात सुंदर शोध वाटतो आणि तो सुतारकामातून आला आहे.

आता ज्यांना ड्रायव्हर घ्यायचा आहे त्यांच्यासाठी लिहितो. माझं मत ठाम आहे. चेंडू सरळ हवा असेल तर दांड्याची लांबी आधी पाहा, कंपनी नंतर. पर्सिमनचे ड्रायव्हर साधारण 43 ते 43.5 इंचांचे असत. आज दुकानात टांगलेला ड्रायव्हर बहुधा 45.5 इंचांचा किंवा त्याहून लांब असतो, कारण लांब दांड्याने वेग वाढतो आणि जाहिरातीत अंतराचाच आकडा छापता येतो. नियमाने 48 इंचांपर्यंत परवानगी आहे, व्यावसायिक स्पर्धांना 2022पासून 46 इंचांची मर्यादा घालता येते. रोज शेकडो चेंडू मारणारे व्यावसायिक खेळाडू स्वतः 45 इंचांच्या आसपास किंवा आतच राहतात. मग आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने त्यांच्यापेक्षा लांब दांडा का घ्यावा?

मीही घेतला होता. एका दुकानात मला 9 अंश लॉफ्टचा, पावणेसेहेचाळीस इंचांचा ड्रायव्हर दिला गेला. माझा वेग कुणी मोजला नाही, एक चेंडूही मारून पाहू दिला नाही. पुढची दोन वर्षं माझे चेंडू उजवीकडच्या झाडीत जात राहिले. शेवटी काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या एका वयस्कर कॅडीने सांगितलं, “साहेब, दांडा दोन बोटं खाली धरून बघा.” मी ग्रिपवर हात खाली सरकवला. तिसऱ्या चेंडूपासून फटक्याचा आवाजच बदलला. ते गृहस्थ पुढे एवढंच म्हणाले, “आता हा कापून घ्या.”

कापून घेतला, 44.5 इंच केला. कापताना एक गोष्ट लक्षात ठेवा. दांडा आखूड झाला की डोकं हाताला हलकं लागतं, ते भरून काढायला इंचामागे साधारण 12 ग्रॅम वजन डोक्याला जोडावं लागतं. शिशाची चिकटपट्टी मिळते, तळाला लावायची. जुने कारागीर पितळी पट्टीखाली शिसं ओतत ते याच कामासाठी.

दुसरी गोष्ट लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन. 9 अंशाचा ड्रायव्हर मर्दानी आणि 12 अंशाचा नवशिक्याचा, ही समजूत टाकून द्या. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे 80 टक्क्यांहून अधिक फेसच्या दिशेवर ठरतं. फेस 2 अंश उघडा राहिला तर 220 यार्डांवर चेंडू निघण्याच्या रेषेतच 6 ते 7 यार्ड उजवीकडे जातो आणि त्यावर स्लाइसचा, म्हणजे हवेत आणखी उजवीकडे वळण्याचा, बाक वेगळा. लॉफ्ट जास्त असेल तर मागचा फेर वाढतो, फिरणाऱ्या चेंडूचा आस बाजूला कमी कलतो आणि बाक कमी पडतो. त्या धातूच्या ‘पिट्सबर्ग पर्सिमन’चा लॉफ्टसुद्धा 12 अंशांचा होता. माझा स्विंग मध्यम वेगाचा आहे, मी साडेदहा अंशांवर सुखी आहे. हल्ली किल्लीने मानेचा कोन बदलता येणारे ड्रायव्हर मिळतात. त्यात लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, त्याचाही उजवीकडे जाणाऱ्याला फायदाच. टाचेकडे जादा वजन दिलेली डोकीही मिळतात, स्लाइस जुनाट असेल तर ती जरूर घ्यावीत, त्यात कमीपणा नाही.

निवडायला जाल तेव्हा पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे बरोबर न्या. फेसवर पातळ थर मारा आणि दहा चेंडू मारा. प्रत्येक चेंडूचा गोल ठसा उमटतो. त्या दहा ठशांचे मध्य रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दाटले तर तो ड्रायव्हर तुमचा. टाचेपासून टोकापर्यंत विखुरले तर दांडा लांब आहे. सर्वांत दूर गेलेला चेंडू लक्षात ठेवू नका, दहांतला सर्वांत वाकडा किती वाकडा गेला ते लिहून ठेवा.

गेल्या उन्हाळ्यात तो जुना ड्रायव्हर घेऊन मी आंबागडला गेलो. किल्ला 1700च्या सुमाराचा, देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदच्या काळात राजा खान पठाणाने बांधलेला, पुढे भोसल्यांकडे आला. बुरूज अजून उभे आहेत, वरून सातपुड्याच्या टेकड्या आणि टेंभुर्णीचं रान दिसतं. याच तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही आणि 1929 साली सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेने पोलादी दांड्यांना परवानगी दिल्यावरच हिकरीच्या लाकडी दांड्यांचा काळ सरला. हा धागाही मला ओढतो, पण त्याला वेगळा लेख लागेल.

पायथ्याच्या गावात एका म्हाताऱ्या सुताराकडे बसलो. ड्रायव्हर त्यांच्या हाती दिला, काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी डोकं उलटंसुलटं करून पाहिलं, वॉर्निश उडालेल्या जागी नख ओढलं, नख उठलं नाही. मग तिथे जिभेने ओलं बोट लावलं आणि वीण न्याहाळली.

“टेंभरून होय का जी?”

मी म्हटलं, “त्याची अमेरिकेतली बहीण, बाबाजी.”

“तरीच,” ते म्हणाले. “पन याले पोटात कारा नाही.”

ते उठून आत गेले आणि टेंभरूनचा एक ओला ठोकळा घेऊन आले. वीतभर लांब, चार बोटं रुंद, एका अंगाला फिकट गुलाबीसर आणि दुसऱ्या अंगाला मधोमध कोळशासारखा काळा पट्टा. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, “दोन्ही डोस्क्याले मेन लावून ठेवा, नाही तं तडकल.”

मेण लावून ठोकळा माझ्या माळ्यावर सावलीत ठेवला आहे. पाण्यात बुडवून पाहिला तर जेमतेम तरंगतो. दर महिन्याच्या एक तारखेला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करतो आणि भिंतीवर पेन्सिलने लिहितो. अजून दर महिन्याला दोन-तीन ग्रॅम कमी भरतं आहे. आकडा सलग तीन महिने हलला नाही की तो परत आंबागडला न्यायचा, फुगवट काढायला जुना ड्रायव्हर नमुना म्हणून बरोबर, आणि दांडा 43 इंच.