नव्या घरीं केव्हां जावें?

मध्यम स्थितींतील कुटुंब घर घेतें तें बहुधा आयुष्यांत एकदांच. घर ठरलें कीं आजोबा पंचांग उघडतात, आई मुलांच्या सुट्या मोजते, आणि वडील घरभाडें व कर्जाचा हप्ता यांची बेरीज मांडतात. तिघांचा प्रश्न एकच : राहावयास केव्हां जावें? उत्तरावर एकमत होत नाहीं, याचें कारण तीन निराळ्या दिवसांना आपण एकच दिवस समजतों. ताबा घेण्याचा दिवस कायद्यानें ठरतो, गृहप्रवेशाचा पंचांगानें, आणि बिऱ्हाड हलविण्याचा संसाराच्या सोयीनें.

आकुर्डीचेंच उदाहरण घेऊं. कारखान्यांतील माणसांना कामाजवळ घर मिळावें या हेतूनें १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. २०२१ सालीं तें विसर्जित झालें, तरी त्यानें आंखलेल्या पेठांच्या आसपास नव्या इमारती उभ्या राहतच आहेत.

अशा इमारतींत पहिला प्रश्न भोगवटापत्राचा. दसरा साधावा म्हणून बांधणारा किल्ली पुढें करतो, आणि भाडें वांचेल या आशेनें आपण ती घेतों. परंतु इमारत पूर्ण झाल्याच्या दाखल्यावांचून ताबा देण्यास बांधणाऱ्याला, तसाच तो घेण्यास ग्राहकालाहि, १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका कायद्यानें मनाई केली आहे. उलट भोगवटापत्र निघाल्यावर मुहूर्तासाठीं ताबा लांबवूं नये. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें तो दोन महिन्यांच्या आंत घ्यावयाचा असतो.

आतां पंचांग. गृहप्रवेशाला माघ, फाल्गुन, वैशाख व ज्येष्ठ हे महिने प्रशस्त मानतात. चातुर्मास, पौष, अधिक मास व पितृपंधरवडा वर्ज्य. दसरा आणि दिवाळींतील पाडवा मात्र चातुर्मासांत पडूनहि स्वयंसिद्ध मुहूर्त समजले जातात. या नियमांत व्यवहारहि दिसतो. आषाढांत वाट चिखलाची, भिंती ओल्या, बैल शेतांत गुंतलेले; अशा वेळीं बिऱ्हाड हलविणें कोणाला परवडलें असतें? मात्र गृहप्रवेशाला सारें सामान लागत नाहीं. देव, कलश, धान्य आणि उतूं घालावयाचें दूध नेलें कीं विधि होतो. कपाटें मागाहून गेलीं तरी चालतें.

राहिला बिऱ्हाडाचा दिवस. ताबा उन्हाळ्यांत मिळाला आणि दुहेरी खर्च झेपत असेल, तर पावसाळ्याचे पहिले दोन महिने घर रिकामें ठेवावें. प्रत्येक मोठ्या सरीनंतर छत, खिडक्यांच्या कडा व न्हाणीघरालगतची भिंत पाहावी. गळती रिकाम्या घरांत जितकी सहज दिसते व दुरुस्त होते, तितकी भरल्या घरांत होत नाहीं. ज्यांना हें झेपत नाहीं, त्यांनीं निदान पश्चिमेकडील भिंतींना लांकडी सामान लावण्याची घाई करूं नये.

जुन्या घराचा करारहि वाचावा. भाड्याच्या करारनाम्याची मुदत संपूनहि जागा न सोडल्यास, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. म्हणून नव्या घराच्या तारखेपुढें एक-दोन महिन्यांची सवड ठेवूनच करार करावा.

शेवटीं स्थानिक गोष्टी. २०१९ सालच्या नोव्हेंबरांत या शहरांत दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. तेव्हां आपल्या पेठेंत पाणी कोणत्या दिवशीं येतें हें विचारून त्याच दिवशीं सामान न्यावें. पुष्कळ कारखान्यांना गुरुवारीं सुटी असते, त्या दिवशीं मदतीला हात मिळतात. आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या सुमारास देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरीं मुक्कामाला येते. त्या दिवशीं मालमोटारीला वाट मिळावयाची नाहीं, आणि मागूंहि नये.

तात्पर्य, आधीं दाखला, मग तिथि, मग सामान, हा क्रम पाळावा. आजोबांनीं काढलेला मुहूर्त मोडण्याचें कारण नाहीं. त्या दिवशीं देव्हारा जाऊं द्यावा. माणसांनीं मात्र नळाला पाणी, छताला कोरडेपणा आणि मुलांच्या परीक्षा संपल्याची खात्री झाल्यावर जावें.