तळघरांतील पाणी कोठून येतें?

मृग लागण्यापूर्वीं कवेलू फेरण्याचा प्रघात आपल्या भंडारा जिल्ह्यांत फार जुना आहे. परंतु डोक्यावरील पाण्याची एवढी काळजी वाहणारा शेतकरी पायाखालच्या पाण्याविषयीं बहुधा उदासीन असतो. जुन्या वाड्यांतून कोठें कोठें तळघरें आहेत. नव्या पक्क्या घरांतूनही कोणी हौसेनें तीं काढतात. बियाण्याचें धान, खताचीं पोतीं, क्वचित् जमिनीचे जुने कागदही त्यांत ठेवलेले असतात. एका श्रावणांत हें सारें कसें नासतें, तें आम्हीं पाहिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं तळघराच्या भिंतींना ओल येते म्हणून आंतून सिमेंटचा दुहेरी गिलावा केला. पुढील वर्षीं तो गिलावा फुगला, आणि एके रात्रीं त्याचा पोपडा पडून पाणी आंत आलें. त्यांनीं गवंड्यास दोष दिला. वस्तुतः दोष गवंड्याचा नव्हता. दोन छपरांचें पाणी ज्या कोपऱ्यांत एकत्र पडत होतें, त्याच कोपऱ्याखालीं ती भिंत होती. पन्हळ लावून तें पाणी दूर सोडतांच अर्धी ओल नाहींशी झाली.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पैसा खर्चण्यापूर्वीं पाणी कोणतें आहे तें ओळखावें. सर येऊन गेल्यावर घटका-दोन घटकांत भिंतीच्या वरच्या अंगास ओल दिसली, तर तें छपराचें व अंगणाचें पाणी होय. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाल्यावर जमिनींतून वर येणारें व दिवाळीपर्यंत न हटणारें पाणी हें भूमिगत पाझराचें. कित्येकदां मात्र यांपैकीं एकही कारण नसतें. आषाढांतील दमट वारा थंड भिंतीस लागून तेथेंच दंव धरतें, आणि आपण मात्र हवा खेळावी म्हणून दार उघडें ठेवून तें वाढवितों. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीस चारही बाजूंनीं घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब आपल्या बाजूस धरले तर तें हवेंतील पाणी, आणि भिंतीच्या बाजूस धरले तर पाझर. हवेंतील पाणी असेल तर दमट दिवसांत तळघर बंद ठेवावें, उघाडीच्या कोरड्या दिवशींच उघडावें.

छपराचें पाणी लोकांस क्षुल्लक वाटतें. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारें २,३६० लिटर पाणी खालीं येतें. आणि आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी पन्नास इंचांच्या आसपास आहे. तें पाणी पन्हळीनें भिंतीपासून निदान दहा फूट दूर न्यावें, आणि तेवढ्या दहा फुटांत जमिनीस सहा इंचांचा उतार द्यावा. कन्हार जमिनींत आणखी एक सावधगिरी हवी. ती उन्हाळ्यांत तडकते, भेगा जोत्याच्या कडेनें खोल उतरतात, आणि पहिल्या पावसाचें पाणी त्यांतून थेट पायाशीं जातें. या भेगा पावसापूर्वीं बुजवून वर चिकणमाती-मुरमाचा थर पातळ पातळ घालून चोपावा. आपल्याकडील कोहळी लोकांनीं तळ्यांच्या पाळी याच रीतीनें पक्क्या केल्या. तेथें पाणी आंत राखावयाचें होतें, येथें तें बाहेर राखावयाचें, एवढाच भेद.

पाझराचें काम याहून कठीण. भिंतीच्या बाहेरून तळघराच्या जमिनीहून खोल चर खणावा, त्यांत दगड व गिट्टी भरावी, आणि चराचें तोंड त्याहूनही सखल जागीं, नाल्यांत सोडावें. परंतु सपाट धानपट्टींत अशी सखल जागा मिळेलच असें नाहीं. घरास लागून बांधी असेल व तींत रोवणीनंतर दोन-तीन महिने पाणी उभें राहत असेल, तर कोणताही चर उपयोगी पडणार नाहीं. ती एक बांधी धानाखालून काढावी, हें आम्ही स्पष्टच सांगतों. कोपऱ्यांत खड्डा करून विजेचा पंप बसविणारेही आहेत. पण ज्या रात्रीं पंप हवा, त्याच रात्रीं वीज जाते.

तिसरें पाणी नदीचें. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला जो महापूर आला, त्याचें पाणी मुख्यतः वरून, मध्य प्रदेशांतून आलेलें होतें. आपल्या अंगणांतील पाऊस पाहून अशा पुराचा अंदाज बांधतां येत नाहीं. सांगलीजवळ हरिपूर येथें हळद साठविण्याचीं पेवें पिढ्यान्‌पिढ्या होतीं. तेथील घट्ट मातीमुळें पावसाचें पाणी त्यांत शिरत नसे. परंतु २००५ सालीं कृष्णेचा पूर त्यांवर आला, तेव्हां त्या मातीचाही इलाज चालला नाहीं. पुराच्या टापूंत बियाणें व कागद तळघरांत ठेवूंच नयेत. ढोली व पेटी गतपुराच्या खुणेच्या वर, माळ्यावर असावी.

पूर आल्यावर तळघराचें दार पोत्यांनीं दाबून धरण्याचा मोह होतो. तो धोक्याचा आहे. बाहेर पांच फूट पाणी व आंत कोरडें, असें झालें कीं भिंतीच्या तळाशीं दर चौरस फुटास सुमारें १४० किलोंचा दाब येतो. भिंत आंत कोसळते किंवा जमीन उचलते. पाणी आंत आलें तर येऊं द्यावें. ओसरल्यावरही घाईनें पंप लावूं नये, कारण बाहेरची माती अद्याप भिजलेलीच असते. प्रथम घराची वीज मुख्य ठिकाणीं बंद करवावी. बाहेरचें पाणी उतरल्यावर आंतील एक फूट उपसून भिंतीवर खूण करावी व रात्रभर थांबावें. सकाळीं पाणी खुणेच्या वर आलें असेल तर पुन्हा वाट पाहावी. नसेल तर दररोज दोन-तीन फुटांप्रमाणें काढावें. पंपाचें इंजिन तळघरांत उतरवूं नये. त्याचा धूर बंद जागेंत प्राणघातक होतो. भिजलेलें धान आंत राहिलें असेल तर तेंही कुजतांना हवा विषारी करतें. तेव्हां दारें-झरोके उघडून बराच वेळ हवा खेळूं द्यावी, मगच एकानें उतरावें आणि दुसऱ्यानें वर दोर धरून उभें राहावें.